फुकटची कोंबडी, सोळाशेचा मसाला

आधीच सांगून टाकते, मी बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत मराठीचे आठवड्याला चार तास आणि उरलेल्या वेळात मराठी बोललं की एक रुपया दंड! त्यामुळे माझं मराठी अर्धं आईचं आणि अर्धं हॉस्टेलचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाला धरा, मला नाही. मराठी विभागाकडे कविता ढिगाने येतात, लेख कुणी देत नाही, म्हणून त्यांनी मला मेसच्या रांगेत गाठलं. "कशावरही लिही, पण टेक्निकल लिही." म्हटलं ठीक आहे. ज्या विषयात माझे आणि हॉस्टेलच्या सोळा मुलींचे पैसे गेले, त्याच विषयावर लिहिते. निदान तेवढी तरी वसुली!

तर मंडळी, विषय आहे जुन्या व्हिडीओ गेम्सचे एम्युलेटर आणि त्यांना जोडायची विकतची सॉफ्टवेअर, म्हणजेच अ‍ॅड-ऑन. एम्युलेटर बहुतेक फुकट मिळतात, अ‍ॅड-ऑनला पैसे पडतात. हे पैसे नेमके कशाचे, ते कधी द्यावेत आणि कधी देऊ नयेत, एवढंच सांगायचं आहे. मध्ये मध्ये माझी रडकथा येईल, ती गोड मानून घ्या.

कॅसेटला फुंकर

माझा मामा साताऱ्याला असतो. १९९० च्या दशकात त्याच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडीओ गेम होता. स्टाफमधल्या बऱ्याच सर-मॅडमना हे यंत्र आठवत असेल. प्लास्टिकचा डबा, वायरवाले दोन रिमोट आणि वरून खोचायची कॅसेट. खरं म्हणजे ते कार्ट्रिज, पण आपल्याकडे सगळे त्याला कॅसेटच म्हणायचे. कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९९९ इन १' आणि आत निघायचे मोजून पाच-सहा गेम, तेच तेच पुन्हा पुन्हा. मारिओ, काँट्रा, रणगाड्यांचा गेम. चित्र आलं नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. मी लहान असताना तो डबा माळ्यावरून खाली यायचा, आणि फुंकर मारण्याचा मान माझा असायचा.

पुढे कळलं की तो डबा म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या यंत्राची नक्कल. असली फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. अमेरिकेत तोच १९८५ साली वेगळ्या खोक्यात घालून एनईएस या नावाने विकला गेला. मामाकडचा डबा नकली आणि कॅसेटीही नकली. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "पण मारिओ तर खराच होता ना?"

मामाचा डबा आता बंद पडलाय. पण मारिओ कॉम्प्युटरवर चालतो, तो एम्युलेटरमुळे.

एम्युलेटर चालतो कसा

आपण सगळ्यांनी ८०८५ चे प्रोग्रॅम केले आहेत. लॅबमधली किट्स पुरत नाहीत, आणि जी आहेत त्यातल्या निम्म्यांची बटणं दाबली जात नाहीत. मग सर म्हणतात, सिम्युलेटरवर करा. तो सिम्युलेटर काय करतो? त्याच्याकडे खरा ८०८५ नसतो. तो फक्त अ‍ॅक्युम्युलेटर, रजिस्टर आणि मेमरी यांच्या जागा आपल्या मेमरीत धरून ठेवतो. मग एकेक ऑपकोड वाचतो आणि खऱ्या ८०८५ ने जे केलं असतं, ते त्या आकड्यांवर करून दाखवतो.

गेमचा एम्युलेटर हेच करतो, फक्त काम फार मोठं असतं. एनईएसमधला प्रोसेसर ६५०२ च्या घराण्यातला, वेग साधारण १.७९ मेगाहर्ट्झ. शेजारी चित्र काढणारी वेगळी चिप. ती २५६ गुणिले २४० ठिपक्यांचं चित्र सेकंदाला जवळजवळ ६० वेळा काढते. तिसरा भाग आवाजाचा. हे तिन्ही एकमेकांच्या तालात चालले पाहिजेत. प्रोसेसर दोन-चार क्लॉक पुढे गेला की चित्राची ओळ चुकते आणि मारिओचं डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे. म्हणून एम्युलेटर लिहिणारी माणसं क्लॉक सायकल अक्षरशः मोजत बसतात. कॅसेटमधल्या चिपवरचा मजकूर उतरवून जी फाईल तयार होते तिला रॉम म्हणतात. एम्युलेटरला ती द्यायची, की जुनं यंत्र जागं झालं!

एवढी मेहनत करून हे लोक एम्युलेटर फुकट का देतात? कारण बरेचसे छंद म्हणूनच सुरू झाले. मेम हा आर्केड गेम्सचा प्रसिद्ध एम्युलेटर घ्या. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने तो १९९७ साली बाहेर आणला, आणि नंतर जगभरातल्या लोकांनी हातभार लावून वाढवला. त्याच्या लायसन्समध्ये कितीतरी वर्षं स्पष्ट अट होती की याचा धंदा करायचा नाही. २०१६ मध्ये लायसन्स बदललं आणि ती अट गेली. पण तोपर्यंत एक रिवाज पडून गेला होता: एम्युलेटर फुकट, आणि ज्याला कमवायचं आहे त्याने आजूबाजूचं काहीतरी विकावं. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इथे तर कोंबडी फुकटच आहे!

मसाल्यात असतं काय

विकतच्या अ‍ॅड-ऑनमध्ये बहुतेक वेळा पुढच्यापैकी एखादी गोष्ट असते.

पहिली, चित्र. जुने गेम जुन्या, पोट आलेल्या टीव्हीसाठी काढलेले. त्या टीव्हीवर शेजारचे ठिपके एकमेकांत थोडे मिसळायचे आणि चित्रकार त्याचा फायदा घ्यायचे. सेगाच्या सोनिकमध्ये एक धबधबा आहे. त्यात नुसत्या उभ्या पट्ट्या आहेत, एक पट्टी रंगाची, एक मोकळी. जुन्या टीव्हीच्या केबलमधून जाताना त्या मिसळायच्या आणि पाणी पारदर्शक दिसायचं. आजच्या एलसीडीवर त्याच पट्ट्या खिडकीच्या गजासारख्या दिसतात. मग 'जुन्या टीव्हीसारखं चित्र' करून देणारे फिल्टर लागतात.

दुसरी, जॉयस्टिक. कुठलीही जॉयस्टिक लावा, बटणं आपोआप जुळतील, बटण दाबल्यापासून उडी मारेपर्यंतचा वेळ कमी होईल, अशी आश्वासनं असतात. हा वेळ खरंच त्रासदायक असतो. एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. तीन-चार फ्रेमचा उशीर झाला की आपण खड्ड्यात!

तिसरी, मांडणी. शेकडो गेम असले की त्यांची मुखपृष्ठं, नावं, वर्षं लावून सुंदर कपाटासारखा मेन्यू करून देणारी सॉफ्टवेअर. विंडोजवरचं लाँचबॉक्स याचं ठळक उदाहरण. मूळ लाँचबॉक्स फुकट आहे. टीव्हीवर जॉयस्टिकने चालवायचा त्याचा 'बिग बॉक्स' नावाचा मोठा मेन्यू मात्र विकतच्या आवृत्तीत येतो.

चौथी, कायदेशीर हक्क. क्लोआन्टो ही कंपनी १९९७ पासून 'अमिगा फॉरएव्हर' विकते. त्यातला एम्युलेटर तसा वेगळाही फुकट मिळतो. पण अमिगा कॉम्प्युटर सुरू करायला लागणारी सिस्टीम रॉम कुणाच्या तरी मालकीची आहे. ती रीतसर परवान्यासह मिळते, त्याचे हे पैसे.

पाचवी, घाई. तयार होत असलेली नवी आवृत्ती पैसे देणाऱ्याला आधी, बाकीच्यांना नंतर.

गंमत अशी की यातल्या पहिल्या तीन गोष्टींना फुकट पर्याय असतातच. जुन्या टीव्हीसारखे फिल्टर रेट्रोआर्चमध्ये ढीगभर आहेत. उशीर कमी करायला त्यात २०१८ पासून 'रन-अहेड' नावाची युक्ती आहे. एम्युलेटर पडद्यामागे गेम एक-दोन फ्रेम पुढे चालवून बघतो, ते पुढचं चित्र आपल्याला दाखवतो आणि मग गुपचूप मागे येतो. हे काम एम्युलेटरच्या पोटात शिरल्याशिवाय होत नाही. बाहेरून चिकटवलेलं अ‍ॅड-ऑन असा चमत्कार कसा करणार? जाहिरात वाचताना हा प्रश्न विचारायला हवा होता. मी विचारला नाही.

आता रडकथा

गेल्या हॉस्टेल डेच्या आधीची गोष्ट. आमच्या लेडीज हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये टीव्ही आहे आणि रीडिंग रूममध्ये एक म्हातारा डेस्कटॉप. मी कल्पना काढली, 'जुन्या गेम्सची रात्र' करू या. रॉम कुठूनतरी उतरवून घ्यायच्या नाहीत, असं रेक्टर मॅडमनी बजावलं होतं आणि ते बरोबरच होतं. गेम तीस वर्षांचा झाला तरी त्याचे हक्क संपत नाहीत. म्हणून मी 'मायक्रो मेजेस' घेतला. हा २०१९ साली आलेला, पण एनईएससाठीच लिहिलेला नवा गेम. अख्खा गेम फक्त ४० किलोबाइटचा, आपल्या जर्नलचा एक फोटोसुद्धा त्यापेक्षा मोठा निघतो! आणि त्यात चार जणी एकदम खेळू शकतात. रॉम फाईलच विकत मिळते. त्याचे पैसे माझ्या खिशातून गेले, त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण पुढे आली. चार जॉयस्टिक जमवल्या, फुकट एम्युलेटर टाकला, पण खेळता येईना. दोनच जॉयस्टिक चालत. तिसरी-चौथी लावली तरी गेमला दिसेनात. मी दोन रात्री सेटिंग्ज उलटसुलट केली. मग इंटरनेटवर एक अ‍ॅड-ऑन दिसलं. चार खेळाडू, जुन्या टीव्हीसारखं चित्र, देखणा मेन्यू, सगळं एका क्लिकमध्ये. किंमत डॉलरमध्ये. टॅक्स आणि कार्डाचा आकार धरून सोळाशेच्या आसपास.

मी कॉमन रूममध्ये भाषण ठोकलं. सोळा जणींनी शंभर-शंभर रुपये काढले. यूपीआय तिथे चालेना, माझ्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंद, मग दादाच्या कार्डावरून भरले. "माझी जबाबदारी," असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. हे वाक्य पुढे महागात पडलं.

आठ दिवस अ‍ॅड-ऑन झकास चाललं. खोटं बोलणार नाही, मेन्यू सुंदर होता. हॉस्टेल डेला दोन दिवस उरले आणि डेस्कटॉपची हार्ड डिस्क गेली. लॅबमधल्या काकांनी बिचाऱ्यांनी रविवारी येऊन नवी एसएसडी टाकली, विंडोज टाकलं. मी अ‍ॅड-ऑन परत उतरवलं, लायसन्स की टाकली. उत्तर आलं: ही की दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरली गेली आहे. अहो, दुसरा कुठला? हाच तो!

झालं असं होतं. अशी सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालू होताना कॉम्प्युटरच्या भागांचे नंबर गोळा करून त्यांची एक खूण बनवतात आणि ती विक्रेत्याच्या सर्व्हरवर त्या कीच्या नावाने जमा होते. डिस्क बदलली, खूण बदलली. सर्व्हरच्या दृष्टीने मी चोर! विक्रेत्याला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी नम्र उत्तर आलं की लायसन्स एका कॉम्प्युटरपुरतं आहे, अटींमध्ये तसं लिहिलेलं आहे, हवं तर सवलतीत दुसरं घ्या. अटी मी उघडून पाहिल्या. खरंच लिहिलेलं होतं. अकराव्या कलमात.

हॉस्टेल डेच्या आदल्या रात्री मी कॉमन रूममध्ये डोकं धरून बसले होते. फर्स्ट इयरची एक मुलगी, जिने शंभर रुपयेसुद्धा दिले नव्हते, फुकट एम्युलेटरची मदत-पानं वाचत बसली होती. ती म्हणाली, "ताई, हे फोर स्कोअर काय असतं?"

फोर स्कोअर! एनईएसच्या डब्याला मुळात दोनच रिमोट लागतात. चार जणांना खेळता यावं म्हणून निन्टेन्डोने १९९० साली एक जोडपेटी काढली होती, तिचं नाव फोर स्कोअर. आता एम्युलेटरने जुन्या यंत्राची नक्कल करायची, तर यंत्रासारखंच वागायचं. ती पेटी जोडली आहे असं त्याला सांगितल्याशिवाय तो तिसरा रिमोट मानणारच नाही. मेसेन, एफसीईयूएक्स या दोन्ही फुकट एम्युलेटरमध्ये याची सोय आहे. सेटिंग्जमध्ये एक चौकोन, त्यात एक टिक. मी दोन रात्री 'चार खेळाडू' असा शब्द शोधत होते आणि तो चौकोन पेटीच्या नावाखाली बसला होता.

तिने टिक केलं. चारही जॉयस्टिक चालल्या. पाच मिनिटं लागली असतील.

दुसऱ्यांचे अनुभव

माझं तोंड पोळलं म्हणून सगळी विकतची सॉफ्टवेअर वाईट, असं मात्र नाही. माझ्या रूममेटने दहावीत असताना फोनवर 'ड्रास्टिक' घेतला होता. हा निन्टेन्डो डीएसचा एम्युलेटर, तेव्हा विकतचा. साध्यासुध्या फोनवरही तो सुरळीत चालायचा. २०२४ मध्ये त्याच्या निर्मात्याने तो फुकट करून टाकला. मी तिला चिडवलं, "गेले ना तुझे पैसे?" ती म्हणाली, "चार वर्षं खेळले की. तू पिक्चरचं तिकीट परत मागतेस का?" मला काही उत्तर सुचलं नाही.

मॅकवाल्यांचा अनुभव वेगळा आहे. रिचर्ड बॅनिस्टर यांनी कितीतरी एम्युलेटर मॅकवर आणले, तेही फुकट. फुल स्क्रीन, चित्राचे फिल्टर असल्या सोयींसाठी मात्र 'एम्युलेटर एन्हान्सर' नावाचं एकच अ‍ॅड-ऑन विकत होतं. एकदा घेतलं की त्यांच्या अनेक एम्युलेटरना लागू पडायचं. कल्पना मला फार आवडली. म्हणजे एम्युलेटर सगळ्यांचा, आणि जास्तीची हौस असेल त्याने थोडे पैसे द्यावेत. पण कुठल्याही विकतच्या जोड-सॉफ्टवेअरला एक धोका कायम असतो, खालची जमीन सरकण्याचा. मॅकने २००६ मध्ये इंटेलचे प्रोसेसर घेतले, २०११ च्या आवृत्तीत जुन्या पॉवरपीसी प्रोग्रॅमचा आधार काढला, २०१९ च्या कॅटालिनामध्ये ३२-बिट प्रोग्रॅम बंद झाले. दर वेळी ज्यांनी नवी आवृत्ती काढली नाही त्यांची सॉफ्टवेअर, पैसे दिलेली असोत वा नसोत, गप्प झाली. ज्या फुकट एम्युलेटरचा सोर्स कोड उघडा आहे, तो निदान दुसरं कुणी उचलून नव्या सिस्टीमसाठी परत बांधू शकतं. बंद अ‍ॅड-ऑनचा निर्माता थांबला की विषय संपला.

अख्खा एम्युलेटर विकणाऱ्यांची कथा आणखी जुनी आहे. १९९९ साली प्लेस्टेशनचे दोन एम्युलेटर दुकानात आले, मॅकसाठी कनेक्टिक्स कंपनीचा 'व्हर्च्युअल गेम स्टेशन' आणि विंडोजसाठी 'ब्लीम'. सोनीने दोघांवर दावे ठोकले. २००० साली अमेरिकेच्या अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. यंत्र कसं चालतं हे समजून घेण्यासाठी त्याच्या आतला प्रोग्रॅम उलगडणं आणि त्यासाठी मधल्या मध्ये त्याची कॉपी करणं हा वाजवी वापर आहे, असं कोर्टाने म्हटलं. आपण एम्युलेटरला सरसकट चोरी म्हणत नाही, त्यात या निकालाचा मोठा वाटा आहे. पण ग्राहकाचं काय झालं? २००१ मध्ये सोनीने व्हर्च्युअल गेम स्टेशन विकतच घेतला आणि बंद केला. ब्लीमही कोर्टात हरला नव्हता, पण वकिलांच्या खर्चाखाली दबून त्याच वर्षी कंपनी बुडाली. कोर्टात जिंकूनही दुकान बंद!

उलटं टोक म्हणजे युझू. हा निन्टेन्डो स्विचचा एम्युलेटर. स्विच काही जुनं यंत्र नाही, पण मुद्दा आपल्या कामाचा आहे. युझूची नवी आवृत्ती दरमहा पैसे देणाऱ्यांना आधी मिळायची. निन्टेन्डोने फेब्रुवारी २०२४ मध्ये दावा लावला आणि मार्चमध्ये २४ लाख डॉलर देण्याच्या तडजोडीवर युझू बंद झाला. दाव्याचा मुख्य मुद्दा गेमचं कुलूप तोडण्याचा होता, पण पैसे गोळा होत होते हेही त्यात ठासून मांडलं होतं.

आणि सरळ लबाडीही असते. एप्रिल २०२४ मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या दुकानात जुन्या गेम्सच्या एम्युलेटरना परवानगी दिली. लगेच 'आयजीबीए' नावाचं एक अ‍ॅप झपाट्याने वर गेलं. ते होतं रायली टेस्टट यांच्या जुन्या उघड्या कोडची नक्कल, परवानगीशिवाय उचललेली आणि वर जाहिराती चिकटवलेली. बोंब झाल्यावर अ‍ॅपलने ते काढलं. टेस्टट यांचा स्वतःचा 'डेल्टा' काही दिवसांतच आला, तो फुकट.

पैसे देण्याआधी

एवढं सगळं झाल्यावर आम्ही कॉमन रूमसाठी काही नियम केले. कुणाच्या उपयोगी पडले तर बघा.

एक. जी सोय विकत घेतोय, ती फुकट एम्युलेटरमध्ये वेगळ्या नावाने लपली आहे का, ते आधी शोधायचं. शोधताना आपल्या भाषेतला शब्द नको, जुन्या यंत्राच्या भाषेतला शब्द शोधायचा. चार खेळाडू नाही, फोर स्कोअर.

दोन. लायसन्स माणसाला आहे की कॉम्प्युटरला, हे विचारायचं. डिस्क बदलली, फॉरमॅट मारला, तर की परत चालेल का? हॉस्टेलच्या डेस्कटॉपवर तर हा पहिला प्रश्न.

तीन. परत करायची मुदत बघायची. स्टीमवर घेतलेली वस्तू १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी वापरली असेल तर परत करता येते. थेट विक्रेत्याकडून घेतली तर त्याच्या अटी. आणि हो, अकरावं कलम!

चार. त्याच्या आत कुणाचा फुकट कोड आहे का, हे पाहायचं. उघडा कोड वापरून पैसे घेणं नेहमीच चूक नसतं. जीपीएल लायसन्समध्ये विकायला बंदी नाही, फक्त घेणाऱ्याला सोर्स कोड द्यावा लागतो. पण जो नावही सांगत नाही आणि कोडही दाखवत नाही, त्याला कशाला द्यायचे?

पाच. विकतच्या अ‍ॅड-ऑनबरोबर हजार गेम फुकट मिळत असतील तर तिथून पळ काढायचा. '९९९९९९ इन १' ची नवी कॅसेट आहे ती.

हिशेब

'जुन्या गेम्सची रात्र' मस्त झाली. मेन्यू नव्हता, फिल्टर नव्हता, पण चौघी-चौघींच्या टोळ्या रात्री अकरापर्यंत बुरूज चढत होत्या. रेक्टर मॅडम "पाचच मिनिटं" म्हणून बसल्या आणि दोन डाव खेळल्या. मेसच्या काकूंनी आपल्या लहानपणी तासाला दोन रुपये देऊन हा रणगाड्यांचा गेम खेळायला मिळायचा, असं सांगितलं. मी मामाला फोटो पाठवला. त्याने विचारलं, "फुंकर मारायला लागली का?"

पण पैशाचं काय, ते राहिलंच. सोळापैकी बाराजणी म्हणाल्या, "जाऊ दे गं, मजा आली ना." तिघी काही बोलल्या नाहीत. एकीने चार दिवसांनी जिन्यात थांबवून हळूच विचारलं, "माझे शंभर परत मिळतील का?" ती संध्याकाळी ज्युनिअर मुलांच्या शिकवण्या घेऊन स्वतःचं मेस बिल भरते, हे मला तेव्हा कळलं. भाषण ठोकताना मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होते, पण शंभर रुपये काढताना कुणाला किती जड जातंय, ते पाहिलं नव्हतं. सगळ्यांसमोर मागितले की नाही म्हणणं अवघड असतं. तिचे मी त्याच संध्याकाळी दिले. बाकीच्यांचेही, 'जाऊ दे' म्हणणाऱ्यांसकट, दोन महिन्यांत फेडले. जबाबदारी माझी, असं मीच म्हणाले होते.

त्यानंतर हॉस्टेलमध्ये एक पद्धत पडली आहे. कॉमन रूमसाठी वर्गणी काढायची असेल तर बोर्डावर कागद लावायचा. काय घेणार, फुकट पर्याय कोणता तपासला, लायसन्स कुणाच्या नावावर, आणि बुडालं तर भरणार कोण. पैसे बंद पाकिटात, कुणी किती टाकले ते कुणाला दिसत नाही.

पहिला कागद त्या फर्स्ट इयरच्या मुलीनेच लावला आहे. पुढच्या हॉस्टेल डेला आम्ही तीच रात्र परत करणार आहोत. चार जॉयस्टिक आहेत, त्यातल्या एकीचं उडीचं बटण अडकतं. बॉइज हॉस्टेलमध्ये कुणाकडे जास्तीची असेल तर एका रात्रीपुरती द्यावी. परत मिळेल. या वेळी अटी मी आधी वाचीन.